जर्मलचं नको

३ नोव्हेंबर

दादा,

सा. न. वि. वि. हाताला सवय आहे म्हणून लिहिलं गेलं. साष्टांग घालण्याइतकी माझी कंबर आता वाकत नाही आणि तुझ्यापुढे तर मुळीच वाकायची नाही. आम्ही इकडे ठीक. तुम्ही तिकडे ठीक असाल असं धरून चालते, कारण नसतात तर वहिनीने त्याचेही फोटो टाकले असते.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. रविवारी मी आईच्या घड्याळाबद्दल तुला मेसेजवर चांगलं सविस्तर लिहिलं. दुकान बंद करून, चहा गार होऊ देऊन लिहिलं. त्यावर तुझं उत्तर आलं अंगठा. पिवळा, गुबगुबीत अंगठा. लहानपणापासून तू मला अंगठाच दाखवत आलास, फक्त आता त्याचं चित्र मिळतं. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. फार तर फाडता येतं, पण त्याआधी पाकीट उघडावं लागतं.

तर घड्याळ. आई जिन्यात पडली तेव्हा तू जाहीर केलंस की तिच्या मनगटावर एक स्मार्ट घड्याळ बांधायचं, म्हणजे ती पडली रे पडली की तुझ्या फोनवर घंटा वाजेल. इथवर ठीक होतं. मग आवाज खाली आणून तू म्हणालास, ‘‘आता पुन्हा पडली तर मी तिला कायमची इकडे घेऊन येणार. तुझं काही ऐकणार नाही.’’ फोन स्पीकरवर होता, दादा. आई समोर बसून वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही. मी मात्र तेव्हापासून ते वाक्य घशात घेऊन फिरतेय.

म्हणजे हे घड्याळ नव्हे, तुझा पहारेकरी आहे. आई माझ्या घरात राहणार की नाही, हे तिच्या मनगटावरची एक डबी ठरवणार आणि तू चार तासांच्या अंतरावरून निकाल देणार. अपघात-विम्याची तपासणी करून करून तुला सगळी माणसं दाव्यासारखी दिसायला लागली आहेत. ती पडली तेव्हा तुझा पहिला प्रश्न होता, ‘‘कितव्या पायरीवर? पायरी ओली होती का?’’ लागलं का, हे वहिनीने विचारलं. तिचेही मी एरवी उपकार मानत नाही, पण तेवढं लिहायला हवं.

घड्याळाच्या डबीचे तीन प्रकार आहेत, ॲल्युमिनियम, स्टील, टायटॅनियम. तुझं टायटॅनियम ठरलेलं. कारण काय, तर ते सगळ्यात वरचं. टायटॅनियम काय असतं ते तू मला सांगू नकोस. टायटॅनियमच्या फ्रेमा मी रोज लोकांच्या गळ्यात मारते. म्हणजे नाकावर मारते. धातू चांगला आहे, हलका आहे, कातडीला बाधत नाही, सगळं कबूल. पण त्यातलं घड्याळ ज्या मापात येतं ते माप डोंगर चढणाऱ्या दांडग्या पुरुषांचं आहे. आईचं मनगट तू शेवटचं कधी हातात धरलंस? शेजारच्या घड्याळवाल्याकडून मी नमुन्याचं आणून तिला घालून पाहिलं. पट्टा शेवटच्या भोकात घालूनही ते सरकून खाली लोंबायला लागलं. आई म्हणाली, ‘‘हे मला घातलंय की मला ह्यात घातलंय?’’

स्टीलचं नाव आपण दोघांनीही काढलं नाही, ते एक बरं झालं. निदान एका बाबतीत आपण एकाच आईची लेकरं आहोत. चकाकतं म्हणून लोक भुलतात, पण हाताला जड, आणि आईची कातडी निकेलला रुसते. मागे मी तिला स्टीलची फ्रेम दिली होती तर कानामागे पुरळ उठलं होतं. तुला हे ठाऊक नसेल. ठाऊक असण्याचं कारणही नाही.

राहिलं ॲल्युमिनियम. कापसासारखं हलकं, आईच्या मापात मिळतं. ओरखडे पडतात, ते पडू देत, आई काही त्याचं प्रदर्शन मांडायची नाही. स्टीलच्या नि टायटॅनियमच्या घड्याळात वेगळं सिम घालतात आणि त्यांना स्वतःचा नंबर असतो म्हणे, ते ह्यात नाही. घरात ते वायफायवर चालतं आणि बाहेर मी बरोबर असेन तर माझ्या फोनवर चालतं. पुरे झालं की. तिला एकटीला बाहेर जायचं तरी कुठे असतं?

आता ते जर्मलचं प्रकरण. आईने परवा वहिनीला फोनवर सांगितलं, ‘‘मला जर्मलचं नको.’’ वहिनीने ऐकलं, जर्मनचं नको. लगेच तुमच्या सगळ्या गोतावळ्यात बातमी फिरली की सासूबाईंचा तोरा बघा, जर्मनीचं घड्याळसुद्धा पसंत पडत नाही. वहिनीच्या माहेरी तो शब्द नसेल, तिचा दोष नाही. पण तू? आपल्या घरात ॲल्युमिनियमला जर्मल म्हणायचे हे तुला आठवत नाही? आई मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर, आपण त्याच्या मागच्या दोन खोल्यांत वाढलो, आणि तिथल्या स्वयंपाकघरातली पोचे पडलेली जर्मलची पातेली घासून तुझे नि माझे हात काळे व्हायचे. तू वहिनीला एका वाक्यात सांगू शकला असतास. तू तिच्याबरोबर हसलास. आईला ते हसू ऐकू गेलं.

माझ्याशीही तिने तोच हट्ट धरलाय.

‘‘जर्मलचं नको गं मला.’’

‘‘आई, हे त्या पातेल्यांसारखं नाही. अगं, विमानं ह्याच धातूची करतात.’’

‘‘मग विमानाला घाल.’’

तिला तो गरिबाघरचा धातू वाटतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हातारपणी माणूस कशावर अडून बसेल सांगता येत नाही. चार दिवस घातलं की सवय होईल.

बाकी आईबद्दल कळवण्यासारखं विशेष नाही. जेवण बरं आहे. गुडघा कुरकुरतो. हल्ली फारसं बोलत नाही, खिडकीपाशी बसते, रस्ता बघते. एवढंच.

आणि हे ‘‘कायमची घेऊन येणार’’ बोलण्याआधी एक आठव. माझा संसार मोडला तेव्हा तू एक फोन केलास आणि विचारलंस, घर कुणाच्या नावावर आहे. दुसऱ्या दिवशी आई एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. त्या दिवसापासून मी तिला सांभाळतेय. तिची औषधं, तिचे डोळे, तिचा गुडघा, तिचे रुसवे. आणि आता तू आयत्या वेळी येऊन वरचा धातू सुचवणार.

मी ॲल्युमिनियमचं घेणार आहे. घंटा माझ्या फोनवर वाजेल. तुला कळवायचं की नाही, ते मी ठरवीन.

केवळ जन्माने तुझी बहीण,
बारकी


११ नोव्हेंबर

बारके,

पत्र मिळालं. अंगठा पाठवायची सोय नसल्यामुळे सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

माझी प्रकृती तू विचारली नाहीस, तरी ती बरी आहे.

कितवी पायरी हे मी का विचारलं, ते ऐक. रोज मी पडलेल्या माणसांचे कागद बघतो. एकाच पायरीवर दोनदा पडलेलं माणूस पायरीमुळे पडतं. वेगवेगळ्या ठिकाणी पडलेलं माणूस आतल्या कशामुळे तरी पडतं, आणि मग डॉक्टर बदलावा लागतो. मला काळजी अशीच करता येते. तुझ्यासारखी कपाळाला हात लावून करता येत नाही. न्हाणीघरात ती पडली होती हे तू मला सांगितलंच नव्हतंस, ते मला तिच्याकडून कळलं. तेव्हा पहारेकरी कशाला हवा, हा प्रश्न तू मला विचारू नयेस.

जर्मलवर मी हसलो, ते खरं. चुकलं. तुझ्या वहिनीला मी नंतर समजावून सांगितलं. ती आईशी बोलणार आहे. हे मी तुला खूश करायला लिहीत नाही.

टायटॅनियम मोठं होतं, तेही मान्य. नमुना घालून पाहण्याची अक्कल तुला सुचली, मला नाही. लिहून ठेव, असं पुन्हा होणार नाही.

आता खरी गोष्ट. मी ती लिहिणार नव्हतो. पण तुझं ते ‘‘मी ठरवीन’’ वाचलं आणि ठरवलं की लिहायचंच.

गेल्या मंगळवारी दुपारी, तू दुकानात असताना, आईने तिच्या त्या बटणांच्या फोनवरून मला फोन केला. स्वतःहून. शेवटचा असा फोन तिने मला कधी केला होता ते आठवत नाही. तब्येत-बिब्येत काही नाही, सरळ विचारलं, ‘‘ते स्टीलचं असतं ना, ते बारकी जवळ नसली तरी चालतं का रे?’’ मी म्हटलं, चालतं, त्याला स्वतःचा नंबर असतो. तर म्हणाली, ‘‘म्हणजे बारकीचं घर लांब असलं तरी?’’ मी म्हटलं, कितीही लांब असलं तरी. ‘‘बरं,’’ म्हणाली आणि फोन ठेवला.

धातू तुला जास्त कळतात, मला माणसांचे जबाब कळतात. ज्या बाईला तुझ्याकडेच राहायचंय ती हा प्रश्न विचारत नाही. आईला तिथून, म्हणजे तुझ्याकडून, निघायचंय आणि ती माझ्याकडे यायचं म्हणतेय. तुझ्यापुढे बोलायची तिला चोरी आहे, म्हणून तुझी पाठ फिरल्यावर फोन करते. स्वतःच्या आईवर तू अशी वेळ आणलीस. सांभाळणं म्हणतेस त्याला. मी त्याला धरून ठेवणं म्हणतो.

पूर्वेकडची खोली आम्ही रिकामी केली आहे. वहिनीचं शिलाईमशीन तिथे होतं, ते तिने कुरकुर न करता बैठकीत हलवलं. पलंग खिडकीजवळ लावला आहे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. महिनाअखेर मी गाडी घेऊन येतो. तिचे रिपोर्ट आणि औषधं एकत्र करून ठेव. दारात तमाशा नको.

तुला एकटीला जड जाईल, हे मला कळत नाही असं नाही. पण त्याचा विचार आईने किती दिवस करायचा?

दादा


२६ नोव्हेंबर

दादा,

वहिनीला सांग, मशीन परत जागेवर ठेव. आई तुझ्याकडे येत नाहीये.

लगेच माझ्या नावाने खडे फोडू नकोस. ती माझ्याकडेही नाही. क्रमाने सांगते, तुला क्रम लागतो.

तुझं पत्र वाचलं आणि ते मला पटलं. ह्याचाच मला जास्त राग आला. कारण मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आई हल्ली फारसं बोलत नाही. ते अर्धंच लिहिलं होतं. ती बोलली होती. जिन्यात पडायच्याही आधी, एका सकाळी मी ओट्याशी उभी होते आणि ती मागून म्हणाली, ‘‘बारके, मी आता जाऊ का गं?’’ मी म्हटलं, ‘‘कुठे? दूध आणलंय मी.’’ आणि भांडी वाजवत राहिले. दुधाचं नव्हतं ते, मला चांगलं कळलं होतं. तिलाही कळलं की मला कळलंय. नंतर तिने तो विषय काढला नाही आणि मी काढू दिला नाही.

तेव्हा तुझं पत्र आल्यावर मी गृहीत धरलं की ‘‘जाऊ का’’ म्हणजे तुझ्याकडे. आठवडाभर मी तुझा असा काही दुस्वास केला की एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी माझ्या हातात मोडली. जेवताना आईच्या ताटात वाढायची आणि मनात म्हणायची, जा, त्या पायऱ्या मोजणाऱ्याकडे जा, तो तुला वाढताना भात ओला होता का विचारेल. ती कपाटातले कपडे बाहेर काढत होती. विचारलं तर म्हणाली, ऊन दाखवतेय.

मग गुरुवारी भर दुपारी, मी एका माणसाच्या नाकावर फ्रेम बसवत होते, आणि काचेतून आई दिसली. एकटी. जिना उतरून, कठड्याला धरून, माझ्या दुकानावरून पुढे गेली. आत बघितलंसुद्धा नाही. आणि शेजारी घड्याळवाल्याकडे शिरली. मी त्या माणसाला तसंच अर्ध्या चष्म्यात सोडून पळाले.

ती स्टुलावर बसली होती, हात काउंटरवर पसरलेला. मनगटावर स्टीलचं. घड्याळवाला ते चालू करत होता.

‘‘ताई, बरं झालं आलात. आजींची पसंती झाली. पैसे पण दिले त्यांनी.’’ मग तिच्याकडे वळून, ‘‘आजी, हे विचारतंय, पडलात तर फोन कुणाला जावा? ताईंनाच ना?’’

‘‘नाही,’’ आई म्हणाली.

‘‘मग मुलाला?’’

‘‘त्याला तर नाहीच.’’

हे मी पदरचं लिहीत नाही. ‘‘तर’’ आणि ‘‘नाहीच’’ दोन्ही तिचे. लिहिताना मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तिने एक नंबर सांगितला. तोंडपाठ. दादा, तुझा नि माझा नंबर तिला पाठ नाही, बटण दाबून लावते. हा एका दमात सांगितला. घड्याळवाल्याने नाव विचारलं. कुणाचं असावं? वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंचं. आठवतात ना? कोठीच्या किल्लीवरून आईशी जिचं रोज वाजायचं, मीठ जास्त झालं म्हणून आईने जिला सगळ्या मुलींसमोर झापलं, आणि जिने आठवडाभर आईच्या ताटात मीठच घातलं नाही, ती. निवृत्त झाल्यापासून त्या नदीपलीकडे राहतात. त्यांच्या घराची वरची खोली रिकामी आहे. आईचं त्यांच्याशी कधीपासून बोलणं चाललंय, मला पत्ता नाही. मी दुकानात असते.

घरात आल्यावर माझं तोंड सुटलं.

‘‘स्टीलचं! पुरळ येईल त्याने, माहितीय ना?’’

‘‘येऊ दे. खाजवीन.’’

‘‘एवढा डाव खेळायची काय गरज होती? सरळ सांगायचं ना मला!’’

‘‘सांगितलं की. जर्मलचं नको, जर्मलचं नको, किती वेळा सांगितलं.’’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पातेल्यांचा काही संबंध नव्हता. गरिबीचाही नव्हता. तू विमा बघतोस, मी धातू बघते, आणि दोघांनीही तो शब्द तेवढाच ऐकला. नमुना परत न्यायला आला तेव्हाच घड्याळवाल्याने तिला समजावलं होतं की ॲल्युमिनियमचं घराबाहेर चालवायचं तर ताई बरोबर हव्यात. तिच्या लेखी जर्मलचं म्हणजे माझ्याबरोबरचं. ते नको होतं तिला.

‘‘आणि दादाचं?’’ मी विचारलं.

‘‘ते थोराड? त्याचा नंबर त्याच्या नावावर. तो तिकडे बसून बघत राहणार मी कुठे वळले, कुठे थांबले. स्टीलचं तुमच्यापैकी कुणी सुचवलंच नव्हतं. म्हणून म्हटलं, हे माझं.’’ मग म्हणाली, ‘‘अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या पोरींना बाहेर जायच्या चिठ्ठ्या सही करून दिल्या. आता माझ्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या हव्यात होय?’’

मी तिला काय काय बोलले ते तुला लिहीत नाही. इतकी वर्षं सांभाळलं त्याचे हे पांग फेडलेस, इथपर्यंत गेले. ती बाहेर काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, ‘‘बारके, तुझं घर मोडलं तेव्हा मी तुला सांभाळायला आले होते. तू जेवत नव्हतीस, दुकान उघडत नव्हतीस. मी म्हटलं, उभी राहीपर्यंत राहू. तू उभी राहिलीस. मग मला सांभाळायला लागलीस. म्हटलं, तेवढ्याने तुला बरं वाटतंय तर असू दे.’’

असू दे. कळलं का तुला? माझी एवढी वर्षांची सेवा म्हणजे तिने मला दिलेलं औषध होतं. ती गोळ्या घेत होती माझं मन राखायला. हात धरून जिना उतरत होती माझं मन राखायला. आणि मी तुझ्यापुढे, साऱ्या गोतावळ्यापुढे तोऱ्यात मिरवत होते की मी आईला बघते, मीच बघते. तू तुझ्या पत्रात शेवटी ती ओळ लिहिलीस, ‘‘त्याचा विचार आईने किती दिवस करायचा?’’ ती वाचून मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या माझ्याही आहेत हे नंतर लक्षात आलं. पण तू बरोबर होतास म्हणून मी तुला माफ करीन असं समजू नकोस. बरोबर असलेली माणसं मला कधीच सहन झालेली नाहीत.

शेवटी मी म्हटलं, ‘‘जा मग. पड तिकडे एकटी.’’

‘‘पडेन,’’ म्हणाली. ‘‘माझी मी पडेन.’’

रविवारी सकाळी गाडी आली. बाई स्वतः घ्यायला आल्या होत्या. खाली उभ्या राहूनच ओरडल्या, ‘‘अहो रेक्टरबाई, आटपा, माझी भाजी करपतेय!’’ आणि आई, ते भांडण सोडलं तर गेले कित्येक महिने ‘‘हं’’ आणि ‘‘बरं’’च्या पलीकडे न बोललेली आई, वरून म्हणाली, ‘‘तुमची कधी करपली नाही?’’ दोघी हसल्या. मी तिथेच उभी होते, हातात तिचे रिपोर्ट घेऊन. तुझ्यासाठी एकत्र केले होते. बाईंनी वर येऊन ते माझ्या हातातून काढून घेतले आणि न बघता पिशवीत कोंबले.

मी खाली गेले नाही. गाडीच्या दारापर्यंत तिला कुणी धरलं, तेही मी बघितलं नाही. खिडकी लावून घेतली आणि मग लावलेल्या खिडकीपाशी उभी राहिले. मी अशीच आहे, तुला माहीत आहे.

तिने बजावून सांगितलंय की बोलावल्याशिवाय दोघांनीही यायचं नाही, आणि हे तुला मी कळवायचं. म्हणून हे पत्र. नाहीतर तुला लिहायची माझी अजिबात इच्छा नव्हती. गाडी घेऊन तिकडे जाऊन धडकायचा विचार असेल तर मनातून काढ. बाईंच्या हातात पळी असते.

निघताना मी तिला नव्या घड्याळाचा नंबर मागितला. म्हणाली, ‘‘मी करीन ना फोन. तेव्हा दिसेलच तुला.’’

अजून आलेला नाही. दुकानात अनोळखी नंबर वाजला की मी गिऱ्हाइकाला तसंच ठेवून उचलते, आणि पलीकडून कुणीतरी विचारतं, कर्ज हवंय का.

तुझ्याकडे तिचा फोन आला असेल, तर मला कळवू नकोस.

बारकी